बोलिनाओचे महाकाय शिंपले : पेरले इथे, उगवले कुठे?

फिलिपिन्समधील लुझोन बेटाच्या वायव्य भागात, पांगासिनान प्रांतात, बोलिनाओ हे किनारी गाव आहे. फिलिपिन्स विद्यापीठाच्या सागरी विज्ञान संस्थेची प्रयोगशाळा इथे आहे. जवळच्या सिलाकी बेटाच्या कडेला, उथळ पाण्यात, महाकाय शिंपल्यांची लागवड आहे. या शिंपल्यांचा वंश स्थानिक नाही. १९८० च्या दशकात परदेशातून आणलेल्या बीजापासून, म्हणजे इवल्या पिल्लांपासून, तो इथे रुजवला गेला.

शिंपले जगवले किती, वाढवले किती, समुद्रात लावले किती, हे मोजता येते. पण त्या शिंपल्यांनी पाण्यात सोडलेल्या अंड्यांचे पुढे काय झाले, हे सुमारे तीन दशके कुणाला दाखवता आले नव्हते. या प्रकरणाचा गाभा तिथे आहे, आणि म्हणूनच मी ते इथे सविस्तर मांडतो आहे. मांडणी प्रसिद्ध झालेल्या नोंदींवरून केली आहे. प्रकल्पात राबलेल्या माणसांची नावे गाळली आहेत. अपवाद फक्त एडगार्डो गोमेझ यांचा. या कामाचे नेतृत्व त्यांनी केले, पुढे फिलिपिन्सने त्यांना 'राष्ट्रीय वैज्ञानिक' हा सन्मान दिला आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पार्श्वभूमी

ट्रायडॅक्ना गिगास हा आज जिवंत असलेल्या शिंपल्यांमधला सर्वांत मोठा. कवच मीटरभराहून लांब होते, वजन २०० किलोच्या पुढे जाते. कवचाच्या कडेने जी रंगीत, मांसल झालर दिसते तिच्यात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. त्यामुळे हा प्राणी स्वच्छ, उथळ, उजेडाच्या पाण्यातच वाढतो.

आणि उथळ पाण्यात, एकाच जागी बसलेला, दुरून दिसणारा प्राणी माणसाच्या हाती सहज लागतो. फिलिपिन्समध्ये त्याला 'तक्लोबो' म्हणतात. मांस खाण्यासाठी, कवच शोभेच्या वस्तूंसाठी आणि निर्यातीसाठी, असा दुहेरी उपसा वर्षानुवर्षे चालला. तिथल्या चर्चमध्ये पवित्र पाणी ठेवण्याची पात्रे म्हणूनही ही कवचे दिसतात. १९८० च्या दशकात पाहण्या झाल्या तेव्हा गिगास देशातून जवळजवळ नाहीसा झाल्याचे लक्षात आले. त्याच सुमारास, १९८३ मध्ये ही जात आणि १९८५ मध्ये महाकाय शिंपल्यांचे सगळे कुळ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. व्यापाराला लगाम बसला, पण जिथे वीण करणारे प्राणीच उरले नव्हते तिथे नुसत्या कायद्याने पिल्ले कुठून येणार?

डिंभाचे पहिले दहा दिवस

पुढचे निर्णय समजायचे तर या प्राण्याचे बालपण, म्हणजे अंड्यातून निघालेल्या, पाण्यात तरंगणाऱ्या पिल्लाची डिंभावस्था, नीट पाहावे लागेल.

गिगास आधी नर म्हणून वयात येतो. अंडी देण्याइतका मोठा व्हायला त्याला साधारण दशकभर लागते, आणि त्यानंतर एकच प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो. वीण सुरू झाली की पाणी बाहेर टाकणारी नळी ताठ होते, कवचाच्या दोन्ही बाजू झटक्याने मिटतात आणि दुधाळ ढग वर उसळतो. हे शुक्र असते. अंडी मागाहून येतात, कारण दोन्ही एकदम सोडले तर स्वतःचीच अंडी स्वतःच्याच शुक्राने फळतील. अंड्यांबरोबर एक रासायनिक संकेत पाण्यात जातो आणि तो पोहोचताच शेजारचे शिंपले शुक्र सोडू लागतात. मोठा शिंपला एका वेळी कोट्यवधी अंडी सोडतो. संकेत मात्र अंतरागणिक विरत जातो. ग्रेट बॅरियर रीफवर १९८० च्या दशकात झालेल्या निरीक्षणात, एका वेळी वीण करणाऱ्या शिंपल्यांपैकी ७० टक्क्यांचा सर्वांत जवळचा वीण करणारा जोडीदार ९ मीटरच्या आत होता. २० ते ३० मीटर अंतरावर जोडीदार असलेले फक्त १३ टक्के होते. ही आकडेवारी ध्यानात ठेवावी. बोलिनाओच्या एका मोठ्या निर्णयाचा निवाडा मी तिच्यावरच करणार आहे.

फळलेल्या अंड्यातून दिवसभराच्या आत ट्रोकोफोर हा गरगर फिरणारा डिंभ बाहेर पडतो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्यावर इंग्रजी 'डी' अक्षरासारखे इवलेसे कवच येते आणि केसाळ कडेचे, पोहायला व अन्न गोळा करायला उपयोगी पडणारे पाळे फुटते. हा व्हेलिजर. याची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी असते. आठवडाभराने त्याला पाय फुटतो आणि तो पेडिव्हेलिजर होतो.

या अवस्थेतले त्याचे वागणे मला सगळ्यांत विलक्षण वाटते. तो पोहत तळाशी येतो, पाय बाहेर काढून पृष्ठभागावर थोडा सरपटतो, जागा पटली नाही तर पाळे उघडून पुन्हा वर उठतो. खडबडीत, गुलाबी चुनखडी शैवालाचा थर असलेला पृष्ठभाग महाकाय शिंपल्यांच्या काही जातींच्या पिल्लांना मानवतो, असे प्रयोगांत दिसले आहे. हा शोध काही दिवस चालतो. साधारण आठव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पाळे गळून पडते आणि तो कायमचा तळाचा रहिवासी होतो. आईबापांकडून अंड्यात शैवाल मिळत नाही. ते पाण्यातून गिळावे लागते आणि रूपांतरानंतरच शरीरात त्याची वस्ती होते. प्रौढ शिंपल्यांच्या विष्ठेत जिवंत शैवालपेशी असतात आणि पिल्ले त्या वापरू शकतात, असेही अलीकडे आढळले आहे. म्हणजे थोरांच्या शेजारी बसण्यात पिल्लाचा फायदा असू शकतो.

आता प्रवासाचा हिशोब. डिंभ सेकंदाला फार तर काही मिलिमीटर पोहतो. किनाऱ्याजवळचा साधा प्रवाह सेकंदाला १० सेंटिमीटर धरला तर तो दिवसाला साडेआठ किलोमीटरच्या वर जातो. नऊ दिवस एकाच दिशेने वाहिला तर डिंभ ७५ किलोमीटरच्या पुढे पोहोचेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. भरती-ओहोटी त्याला पुढेमागे करते, बेटांच्या आडोशाला भोवरे होतात, प्रवाळखडकांच्या मागचे पाणी अडून राहते. प्रवाहाविरुद्ध जाणे डिंभाच्या ताकदीबाहेरचे आहे, पण खोली बदलणे त्याच्या हाती आहे. वरच्या थरातले आणि तळाजवळचे पाणी वेगळ्या वेगाने, कधी वेगळ्या दिशेने वाहते. त्यामुळे दोन-चार मीटर वर किंवा खाली जाण्याने त्याचा मुक्कामच बदलतो. सिंगापूरच्या संशोधकांनी ट्रायडॅक्ना स्क्वामोसा या जातीसाठी २०१३ मध्ये डिंभ-प्रसाराचे संगणकीय प्रतिमान प्रसिद्ध केले. नंतर डिंभांचे पोहणे आणि खोली बदलणे प्रयोगशाळेत तपासून, अशा प्रतिमानांवर त्याचा काय परिणाम होऊ शकतो हेही मांडले. डिंभाला निर्जीव कण समजून केलेला अंदाज अपुरा पडतो.

नेमकी अडचण

बोलिनाओच्या गटापुढे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. वीण करणारे प्राणी उरले नाहीत, तर ते आणायचे कुठून? आणि आणून लावले, त्यांनी अंडी घातली, तरी डिंभ वाहून गेले तर त्या जागी वस्ती टिकणार कशी?

पहिल्या प्रश्नाला पैसा, टाक्या आणि माणसे लागतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समुद्राच्या हाती असते, आणि ते मिळायला किमान दहा-पंधरा वर्षे लागतात. निधी देणाऱ्या कुठल्याही यंत्रणेला इतके थांबणे जड जाते.

समोरचे पर्याय

संरक्षण देऊन वाट पाहणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण त्यासाठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला कुठेतरी वीण करणारी वस्ती असावी लागते. ती नव्हती. शिवाय आजचा प्रवाह नकाशावर दिसतो म्हणून डिंभ त्याच वाटेने येतील असे धरता येत नाही. पश्चिम प्रशांत महासागरातल्या ट्रायडॅक्ना मॅक्सिमा या दुसऱ्या महाकाय शिंपल्याच्या जनुकीय अभ्यासाने १९९७ मध्ये दाखवले की वस्त्यांमधले नाते आजच्या पृष्ठीय प्रवाहांशी जुळत नाही. दूरच्या डिंभांवर विसंबून राहणे बोलिनाओला परवडणारे नव्हते.

दुसरा मार्ग उरलेसुरले शिंपले एका ठिकाणी गोळा करण्याचा. टोंगामध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांच्या सहभागाने दुसऱ्या जातीचे शिंपले वर्तुळात मांडून अशी वीणस्थळे केली होती. मला हा मार्ग मनापासून आवडतो. त्यात बीज स्थानिक राहते आणि राखणही गावच करते. पण फिलिपिन्समध्ये गोळा करायला पुरेसे गिगासच उरले नव्हते.

तिसरा मार्ग परदेशातून बीज आणून बीज केंद्रात, म्हणजे पिल्ले पैदा करून वाढवण्याच्या जागी, वाढवण्याचा. धोके उघड होते: रोग, परजीवी, आणि मोजक्या आईबापांपासून आलेली तुटपुंजी जनुकीय विविधता.

डिंभ केंद्रात तयार करून थेट समुद्रात सोडणे, हाही एक पर्याय अशा कामात नेहमी सुचवला जातो. संख्या डोळे दिपवणारी असते, खर्च कमी. परंतु दहा दिवसांचा डिंभ आणि वर्षभराचे पिल्लू यांच्यामध्ये जे मरण असते ते इतके प्रचंड आहे की लाखात एखाद-दुसरे वाचले तरी नशीब. आणि वाचलेले नेमके आपलेच, हे सिद्ध करायची सोय नाही.

काय केले

परदेशी बीजाचा मार्ग निवडला गेला. ऑस्ट्रेलिया आणि सॉलोमन बेटांसारख्या ठिकाणांहून गिगासचे बीज आले. जमिनीवरच्या टाक्यांत ते वाढवले, मग समुद्रातल्या रोपवाटिकेत जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवले. पिंजरा ही चैन नव्हती. खेकडे, ऑक्टोपस, शिंपला फोडणारे मासे आणि विशेषतः शिंपल्यात शिरून त्याला आतून खाणाऱ्या मांसाहारी गोगलगाई लहान शिंपल्यांचा फडशा पाडतात. त्यामुळे जाळी घासायची, शेवाळ काढायचे, गोगलगाई हाताने वेचायच्या, हे काम सतत चाले. शिंपला वीतभर झाला, त्याचे कवच शत्रूंना पेलेनासे झाले, की तो उघड्यावर लावायचा.

या टप्प्यावर सबुरी दाखवली गेली, आणि मला हा या प्रकल्पातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. लहान शिंपले लवकर लावले असते तर अहवालात आकडा फुगला असता, समुद्रात मात्र काही उरले नसते.

पुढे बोलिनाओत वाढलेले शिंपले लिंगायेन आखातातल्या हंड्रेड आयलंड्स राष्ट्रीय उद्यानात आणि देशातल्या इतर अनेक ठिकाणी हजारोंनी लावले गेले. स्थानिक प्रशासन, मच्छीमारांच्या संघटना, पर्यटन व्यावसायिक यांनी राखणीची जबाबदारी घेतली. जिथे ती मनापासून निभावली गेली तिथे शिंपले टिकले. जिथे नाही तिथे चोरी झाली. हा किनारा वादळांचाही आहे, त्याचा मारा वेगळाच.

एकत्र की विखुरलेले?

सगळ्यांत अवघड निर्णय हा होता. शिंपले थोड्या ठिकाणी दाट लावायचे, की अनेक ठिकाणी थोडे थोडे?

विखरून लावण्याच्या बाजूने जमेच्या गोष्टी होत्या. एका वादळात, एका रोगात किंवा एका रात्रीच्या चोरीत सगळे गमावण्याची भीती कमी होते. जास्त गावे कामात ओढली जातात. बोलिनाओच्या परिसरातच २००२ च्या फेब्रुवारीत मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांजवळ शैवालाचा उद्रेक होऊन मासे मोठ्या प्रमाणावर मेले होते. सगळी पुंजी एका खाडीत ठेवणे किती जोखमीचे असते, हे त्या घटनेने दाखवले.

दाट लावण्याच्या बाजूने मुद्दा एकच होता, पण तो निर्णायक होता: वीण. वर दिलेले नऊ मीटरचे निरीक्षण लावून पाहिले तर एखाद्या बेटाला दिलेले दहा-वीस शिंपले, तेही एकमेकांपासून लांब लावलेले, पाहायला सुंदर आणि पर्यटकांना दाखवायला योग्य. वीण म्हणून त्यांचा हिशोब धरू नये. त्यांचा संकेत शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच विरतो. सिलाकीला मुख्य साठा दाट ठेवला गेला ते म्हणूनच योग्य होते. अंडी फळायची शक्यता जिथे सर्वांत जास्त, अशी ती जागा.

माझे मत असे की दोन्ही साधता येते. जागा अनेक असाव्यात, पण प्रत्येक जागी शिंपले झुपक्याने, हाताच्या अंतरावर लावावेत आणि झुपके इतके मोठे असावेत की दोन-चार मेले तरी वीण मोडणार नाही. इतके शिंपले हाती नसतील तर जागा कमी कराव्यात. झुपक्याची घनता कमी करू नये.

काय निष्पन्न झाले

२०१७ मध्ये 'कोरल रीफ्स' या संशोधनपत्रिकेत एक छोटी नोंद आली. बोलिनाओच्या लागवडीच्या परिसरात गिगासची पिल्ले सापडली होती, कुणी न लावलेली. आसपास वीण करणारी दुसरी वस्ती नव्हती, तेव्हा ही लावलेल्या शिंपल्यांचीच संतती, हा निष्कर्ष बळकट होता.

अशी पिल्ले शोधणे म्हणजे काय, हे पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही. ती खडकाच्या भेगेत, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांखाली, धाग्यांच्या जुडग्याने घट्ट चिकटून बसतात. झालर आत ओढली की उरते ती एक चिंचोळी फट. त्यात भर म्हणजे लहानपणी गिगास आणि त्याचे भाऊबंद एकसारखे दिसतात. तज्ज्ञ डोळाही फसू शकतो. खात्रीसाठी डीएनए तपासावा लागतो.

या शोधातून दोन गोष्टी कळल्या. शिंपले नुसते जगत नाहीत, त्यांची वीण यशस्वी होते आहे. आणि सगळे डिंभ वाहून जात नाहीत, काही तरी जवळच्या पाण्यात राहतात किंवा परततात. मात्र मोजकी पिल्ले म्हणजे स्वतःच्या बळावर टिकणारी वस्ती नव्हे. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने गिगासला 'अतिसंकटग्रस्त' वर्गात टाकले. जगभराचे चित्र असे असताना बोलिनाओची पिल्ले मला फार मोलाची वाटतात, आणि त्याच कारणाने त्यांच्याबद्दल अतिशयोक्ती करणे धोक्याचे वाटते.

काय वेगळे करता आले असते

लावलेल्या प्रत्येक पिढीच्या आईबापांच्या मांसाचा चिमूटभर तुकडा अल्कोहोलमध्ये जपून ठेवायला हवा होता. १९८० च्या दशकात डीएनएची आजची साधने नव्हती, पण बाटली आणि अल्कोहोल होते. असा संच कुठल्याही प्रकल्पाकडे पूर्ण असेल, तर पन्नास किलोमीटरवर सापडलेल्या पिल्लाचे आईबाप कोणत्या झुपक्यातले, हे आज सांगता येईल.

शोध कुठे घ्यायचा हेही आधी ठरवायला हवे. लागवडीभोवती पिल्ले सापडली, कारण माणसे तिथेच पाहत असतात. डिंभ मात्र आठ-दहा दिवस पाण्यात असतो. विणीच्या हंगामातला प्रवाह, त्या डिंभांच्या खोलीवरचा, मोजून ज्या खडकांकडे पाणी जाते तिथेही ठरावीक काळाने पाहणी व्हायला हवी. चुनखडी शैवालाचा थर चढलेल्या फरशा अशा ठिकाणी ठेवून त्यावर काय बसते ते पाहता येते. खर्च लागवडीच्या मानाने किरकोळ.

तिसरे, लागवडीची जागा निवडताना शिंपल्याच्या सोयीबरोबर डिंभाची सोयही पाहावी. प्रौढाला वाळूचा सपाट तळ चालतो. पेडिव्हेलिजरला खडबडीत, भेगांचा, उजेडाचा तळ लागतो. दोन्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतील अशी जागा निवडली तर परतणाऱ्या डिंभाला उतरायला ठिकाण मिळते.

लक्षद्वीपच्या दृष्टीने

आपल्याकडे गिगास नाही, पण लक्षद्वीपात ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि स्क्वामोसा आहेत. २००१ पासून महाकाय शिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) तिथले सागरी संशोधक दीपक आपटे यांच्या पुढाकाराने तिथे महाकाय शिंपल्यांवर काम केले आणि अगत्ती बेटावर संवर्धन राखीव क्षेत्राचा आग्रह धरला. बोलिनाओप्रमाणे तिथे शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही, ही मोठी जमेची बाजू. वीण करणारे शिंपले अजून आहेत.

तिथे पहिला प्रश्न बीज केंद्राचा नसून अंतराचा आहे. एका खाजणातले (प्रवाळखडकाने वेढलेल्या उथळ पाण्यातले) शिंपले एकमेकांपासून किती लांब आहेत आणि उष्ण पाण्याने प्रवाळ पांढरे पडण्याच्या वर्षांत त्यांतले किती जगतात, याची मोजणी आधी हवी. दुसरा प्रश्न हंगामाचा. अरबी समुद्राच्या या भागात मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाहाची दिशा पालटते. मे महिन्यात सुटलेला डिंभ आणि डिसेंबरात सुटलेला डिंभ वेगवेगळ्या बेटांकडे जाऊ शकतात. म्हणून वीण नक्की कोणत्या महिन्यात, उधाणाला (मोठ्या भरतीला) की भांगाला (लहान भरतीला), हे बेटागणिक नोंदवणे हे तिथले पहिले काम. मासेमारीसाठी रोज खाजणात उतरणारे बेटवासी ही नोंद कुठल्याही बाहेरच्या पथकापेक्षा चांगली ठेवू शकतील. त्यांना वही, तारीख लिहिण्याची पद्धत आणि नमुन्यासाठी अल्कोहोलच्या बाटल्या पुरवायला, शिवाय पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा नमुना घेण्याची रीतसर परवानगी मिळवून द्यायला, प्रकल्प मंजूर होण्याची वाट पाहावी लागू नये.